अर्धी पाडली, अर्धी ठेवली : गोशेनची सरकारी कचेरी

हडसनकाठ

न्यूयॉर्क शहरातून वायव्येकडे गाडीने सव्वा-दीड तास गेलं की गोशेन लागतं. ऑरेंज काउंटीचं मुख्यालय, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याच्या गावासारखं समजा. जुनी चर्चं, मोठाली झाडं आणि १८३८ पासूनचा घोडागाडी शर्यतींचा ट्रॅक. अशा गावात, मेन स्ट्रीटवर, १९६० च्या दशकात काउंटीने पॉल रुडॉल्फ या त्या काळच्या बड्या वास्तुविशारदाकडून आपली कचेरी आखून घेतली. मधे अंगण, भोवती तीन भाग, आणि सगळीकडे काँक्रीटचे ठोकळे पुढे-मागे, वर-खाली सरकवलेले. सपाट छपरं किती, तर ८७. होय, एका इमारतीला सत्त्याऐंशी.

ती पहिल्यापासून गळायची. सप्टेंबर २०११ मध्ये, आयरीन वादळ आणि पाठोपाठ आलेल्या ली वादळाच्या पावसानंतर, काउंटीने ती रिकामी केली. मग काही वर्षं नुसती भांडणं. शेवटी २०१५ मध्ये तीन भागांतला एक जमीनदोस्त केला, त्या जागी एक नवा काचेचा सरळसोट खोका बांधला, आणि उरलेल्या दोन भागांचं आतलं बरंचसं उचकटून नूतनीकरण केलं. खर्च ७ कोटी डॉलरच्या वर.

माझं अधूनमधून त्या बाजूला जाणं-येणं असतं. एकाच इमारतीची ही दोन तोंडं बघितली की प्रश्न पडतो, याला जतन म्हणायचं का? एक तर सगळी ठेवायची, नाहीतर सगळी पाडायची होती. या मंचावर वास्तुविशारद आणि बांधकामातले लोक बरेच आहेत. काय वाटतं?

बंडोपंत

फोटो शोधून पाहिले. कुठला भाग जुना ते लगेच कळलं. कुठला चांगला ते अजून कळलं नाही.

रेवा

हडसनकाठ, विषय माझ्या जिव्हाळ्याचा काढलात, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

रुडॉल्फ हार्वर्डला ग्रोपियस या आधुनिक वास्तुकलेतल्या दिग्गजाच्या हाताखाली शिकला. १९५८ ते १९६५ येल विद्यापीठाच्या वास्तुकला विभागाचा प्रमुख होता. येलची त्याची आर्ट अँड आर्किटेक्चर इमारत १९६३ ची. तिथे ओतीव काँक्रीटच्या भिंतींना उभ्या कडा ठेवल्या आणि मग मजुरांकडून त्या हातोड्याने फोडून घेतल्या, म्हणून भिंत जाड कॉर्डरॉय कापडासारखी दिसते. पण हे काम भयंकर महाग. पुढे त्याने तोच पोत कारखान्यात बनणाऱ्या खाचांच्या काँक्रीट ब्लॉकमध्ये आणला. गोशेनच्या बाहेरच्या भिंती अशा ब्लॉकच्या आहेत. सरकारी बजेटात बसवलेलं येल म्हणा ना.

आता ८७ छपरांबद्दल. हा निव्वळ आचरटपणा नव्हता. एकच अजस्र स्लॅब टाकायची आणि तिच्याखाली ट्यूबलाइट लावून टेबलांच्या रांगा मांडायच्या, ही सरकारी कचेरीची ठरलेली तऱ्हा. रुडॉल्फला ती नको होती. आतल्या प्रत्येक दालनाचा आकार बाहेरून ओळखू यावा, आणि शेजारशेजारच्या दोन छपरांच्या उंचीत फरक ठेवला की त्या फटीतून वरचा उजेड आत यावा, असा त्याचा हिशोब. जुन्या फोटोंत आतला उजेड बघा. कारकुनाच्या टेबलावर असा उजेड पडावा म्हणून कोणी इतका जीव टाकल्याचं मला तरी दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

तिरकस

८७ छपरं म्हणजे वास्तुशांतीची दक्षिणा कशी ठरवायची? दर छपरामागे, की एकगठ्ठा?

सेंटरिंग

सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी काढली, तीही कोकणात. गळक्या सरकारी गच्च्या हा माझा खास विषय, तेव्हा थोडं लिहितो.

स्लॅब मधोमध सहसा गळत नाही. गळते कडेला, जिथे सपाट भाग संपतो आणि भिंत वर चढते. तिथे गोलाई नीट केली नसेल, वॉटरप्रूफिंग भिंतीवर पुरेसं वर चढवलं नसेल, की पाणी आत शिरलंच. आता सगळी छपरं साधी चौकोनी धरली तरी ८७ चोक ३४८ कडा झाल्या. एका मोठ्या स्लॅबला चारच असत्या. शिवाय वरच्या छपराचं पाणी खालच्यावर, खालच्याचं त्याच्या खालच्यावर. पानगळीत एखादी जाळी तुंबली की वर तळं. थंडीत ते पाणी भेगेत गोठतं, फुगतं आणि भेग रुंद करून ठेवतं. वसंतात बर्फ वितळला की तीच भेग पाणी पिते. आपल्याकडे चार महिने पाऊस असला तरी हे गोठण्याचं दुखणं नाही. त्यात बाहेरची भिंत ब्लॉकची, म्हणजे तिचा प्रत्येक सांधा पुन्हा वेगळा सांभाळायचा.

रेवाताई, उजेडाचं तुमचं म्हणणं पटतं. पण उजेड जिथून आत येतो तिथूनच पाणीही येतं, हे त्या गृहस्थांना कोणीतरी सांगायला हवं होतं.

रेवा

काका, मान्य. पण कडा जास्त म्हणजे देखभाल जास्त लागणार, हे बांधून घेणाऱ्यालाही पहिल्या दिवशी दिसत होतंच की. मग पुढची चाळीस वर्षं त्या छपरांवर पुरेसा खर्च झाला का? अडचणीची इमारत आणि टाकून दिलेली इमारत यांत फरक आहे.

सेंटरिंग

सरकारी कारभाराचा माझा अनुभव सांगतो. नवी इमारत हवी तर ठराव होतो, भूमिपूजन होतं, नारळ फुटतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. गच्ची झाडायला दोन माणसं मागा, फाइल तीन टेबलं फिरून ‘निधी उपलब्ध नाही’ असा शेरा घेऊन परत येते. अमेरिकेतही माणसंच आहेत. म्हणूनच सरकारी इमारत आखताना देखभाल होणार नाही असंच धरून चालावं. जी इमारत फक्त चांगल्या देखभालीवर उभी राहू शकते ती सरकारला विकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंडोपंत

काका, हे वाक्य लॅमिनेट करून मंत्रालयात लावायला हवं.

मंदाकिनी_मिडलटाउन

मी गोशेनच्या शेजारच्या गावात राहते. तुम्ही सगळे फोटोंवरून बोलताय, आणि फोटो काळेपांढरे, कडक उन्हातले. नोव्हेंबरात ओलं काँक्रीट कसं दिसतं ते इथे येऊन बघा.

आमच्या शेजारच्या आजी इथेच जन्मल्या, इथेच वाढल्या. त्यांना ती इमारत पहिल्यापासून आवडली नाही. वास्तुकलेचं वावडं म्हणाल तर तसंही नाही. नदीकाठचे जुने बंगले दाखवायला त्या पाहुण्यांना हौसेने नेतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. बांधताना नाही, आणि वाचवायची हाकाटी झाली तेव्हाही नाही. कर इथल्यांनी भरायचे आणि कौतुक मॅनहॅटनने करायचं.

बरं, मलाही ती आवडायची असं नाही. पण नवा खोका उभा राहिल्यावर जुन्या भागाकडे मी नीट बघायला लागले, हेही खरंच.

नाईलाजास्तव

या धाग्यात राजकारण कसं आलं नाही अजून? माझ्यासारख्या रिकामटेकड्याने ते तेव्हा बातम्यांतून फॉलो केलं होतं. थोडक्यात देतो.

काउंटीचे तेव्हाचे प्रमुख एड डायना. त्यांना इमारत पाडून नवी हवी होती, आणि ही इच्छा वादळाच्या आधीपासूनची. वादळाने निमित्त दिलं. इमारत बंद झाली त्याच महिन्या-दोन महिन्यांत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या वारसा जपणाऱ्या संस्थेने ती २०१२ च्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातली, त्यामुळे प्रकरण जगभर गेलं. मे २०१२ मध्ये काउंटीच्या विधिमंडळाने पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव फेटाळला. मग दुरुस्तीची भाषा सुरू झाली. डायना पायउतार झाले आणि त्यांच्या जागी स्टीव्हन नॉइहाउस आले.

याच सुमारास जीन कॉफमन नावाच्या न्यूयॉर्कच्या वास्तुविशारदाने वेगळाच डाव मांडला. जुनी इमारत मी ५० लाख डॉलरला विकत घेतो, तिथे कलाकारांचे स्टुडिओ करतो, काउंटीला शेजारी नवी कचेरी आखून देतो. म्हणजे पाडायला नको, गळतीची डोकेदुखी खाजगी माणसाच्या गळ्यात, आणि काउंटीला कोरी करकरीत इमारत. न्यूयॉर्क टाइम्सचे वास्तुसमीक्षक मायकल किमलमन यांनीही इमारत वाचवायची बाजू जोरात मांडली. विक्रीची वाट मोकळी करणारा विधिमंडळाचा निर्णय नॉइहाउस यांनी नकाराधिकार वापरून अडवला. लोक कोर्टात गेले, तिथेही काही टिकलं नाही. २०१५ मध्ये बुलडोझर आला.

मला त्या विक्रीच्या प्रस्तावाचं अजून वाईट वाटतं. सगळ्यांना काहीतरी मिळत होतं.

मंदाकिनी_मिडलटाउन

सगळ्यांना? एवढ्याशा गावात इतके कलाकार कुठून आणणार होते? आणि मालकाचा उत्साह संपला की गावाच्या मधोमध रिकामं काँक्रीट. नॉइहाउसना शिव्या घालणं सोपं आहे, पण तोपर्यंत काउंटीची खाती वर्षानुवर्षं इकडेतिकडे भाड्याच्या जागांत विखुरलेली होती. लोकांना एक कागद करायचा तर तीन पत्ते.

दिल्लीत_अडकलेला

धाग्याला जरा भारतात आणतो. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स. १९७२ च्या जागतिक व्यापार मेळ्यासाठी बांधलेलं. वास्तुविशारद राज रेवाल, स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज. अशी त्रिमिती जाळी एरवी पोलादाची करतात. आपल्याकडे पोलाद महाग आणि मजूर स्वस्त, म्हणून अख्खी जाळी काँक्रीटमध्ये ओतली. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत पाडली. वारसा समितीने काय सांगितलं, तर साठ वर्षांहून जुन्या इमारतींचाच विचार होतो. ही पंचेचाळिशीत होती.

गोशेनची इमारत पाडली तेव्हा तिचंही वय साधारण तेवढंच. इमारतीचं हे वय वाईट. जुनी म्हणून मान नाही, नवी म्हणून कौतुक नाही, आणि पाइप नेमके तेव्हाच सडायला लागतात.

तिरकस

शेवटचं वाक्य माझ्या डॉक्टरांनीही जवळजवळ याच शब्दांत सांगितलंय.

पणजीकर

मग आमच्या पणजीच्या कला अकादमीचं नाव घ्यायलाच हवं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, जागा कांपाल, मांडवीच्या काठावर. आत मारिओ मिरांडांची भिंतचित्रं. ती काही रुडॉल्फसारखी अंगावर येणारी इमारत नाही, उलट रस्त्यावरून नदीपर्यंत माणसाला सहज चालत जाऊ देणारी. दुरुस्तीसाठी बंद केली आणि जुलै २०२३ मध्ये खुल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. काम चालू असताना! रात्रीची वेळ होती म्हणून कोणी सापडलं नाही.

सांगायचा मुद्दा, ‘नूतनीकरण’ ऐकून हुरळून जाऊ नये. कधीकधी पाडणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याची जास्त धास्ती वाटते.

आजोळ

अहमदाबादच्या आयआयएमची वसतिगृहं राहिली. वास्तुविशारद लुई कान. डिसेंबर २०२० मध्ये १८ पैकी १४ पाडायचं जाहीर झालं, जगभरातून ओरड झाली आणि १ जानेवारी २०२१ ला निर्णय मागे घेतला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा तेच. कारणंही ओळखीची: गळती, भेगा, राहायला धोकादायक. तिथली वीट, इथला ब्लॉक, पण अर्ज एकाच नमुन्याचा.

बंडोपंत

आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. इमारत साधी, वास्तुविशारद कोण ते कोणालाच माहीत नाही, आणि गच्चीवर पत्र्याची शेड आहे. ती शेड वारसा यादीत घालता येईल का? बिल्डर शेडचं क्षेत्रफळ धरत नाहीये.

रेवा

बंडोपंत, शेडसाठी वेगळा धागा काढा, तिथे पाचशे प्रतिसाद होतील.

मूळ प्रश्नावर येते. हडसनकाठ विचारत होते, अर्धी ठेवणं म्हणजे जतन का. माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. त्या रचनेचा जीव अंगणात होता. तीन भाग एकमेकांकडे तोंड करून उभे, त्यांच्या मधली मोकळी जागा हीच मुख्य खोली. तीनातला एक काढून तिथे सपाट पृष्ठभागाचा मोठा ठोकळा बसवला की उरलेल्या दोन भागांचं आपसांतलं बोलणं तुटलं. दोन तृतीयांश काँक्रीट वाचलं असेल. आर्किटेक्चर दोन तृतीयांश वाचलं नाही.

आणि दुसरा रस्ता नव्हता असं कोणी म्हणू नये. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा डार्टमथ कॅम्पस रुडॉल्फनेच आखलेला आहे. तिथलं ग्रंथालय डिझाइनलॅब या बॉस्टनच्या ऑफिसने २०१२ मध्ये नवं केलं. जुनं काँक्रीट तसंच ठेवून काच, रंग आणि उजेड आणला, आणि मुलं तिथे आनंदाने बसतात. हेच डिझाइनलॅब सुरुवातीला गोशेनच्या कामातही होतं. काम ज्या दिशेला चाललं ते बघून त्यांनी अंग काढून घेतलं. यावरून काय ते समजा.

सेंटरिंग

रेवाताई, इथे मात्र मी तुमच्या विरुद्ध.

विद्यापीठाकडे पैसे देणारे माजी विद्यार्थी असतात, आणि अभिमान बाळगणारा वास्तुकला विभाग असतो. येलची इमारत १९६९ च्या आगीत जळली, वर्षानुवर्षं लोकांनी तिला नावं ठेवली, तरी २००८ मध्ये डागडुजी होऊन ती रुडॉल्फच्याच नावाने उभी राहिली. काउंटीकडे असं पाठीशी कोण? मोटारीचं लायसन्स काढायला आलेला माणूस देणगी देत नाही.

रुडॉल्फच्या बाकीच्या कामांचं काय झालं तेही बघा. फ्लोरिडातलं रिव्हरव्ह्यू हायस्कूल २००९ मध्ये पूर्ण पाडलं. उत्तर कॅरोलायनातली बरोज वेलकम औषध कंपनीची इमारत, केवढं नाव होतं तिचं, २०२१ मध्ये पूर्ण पाडली. तिथे आता बघायला एक ब्लॉक नाही. गोशेनला निदान दोन भाग उभे आहेत, त्यांत माणसं काम करतात. इमारत वापरात राहिली की तिच्यावर खर्च होतो. संग्रहालयातल्या वस्तूसारखी कुलपात ठेवलेली सरकारी इमारत मी नोकरीत एकही टिकलेली पाहिली नाही. जे वाचलं ते पुढच्या पिढीला दुरुस्त करता येईल. पाडलेलं येणार नाही.

रेवा

काका, हाच युक्तिवाद पाडलेल्या तिसऱ्या भागालाही लागू होतो. :)

सेंटरिंग

होतो. पण मग तिघांच्या सांध्यांवर वर्षाला किती खर्च येईल आणि तो कोण देईल, हे त्या फेटाळलेल्या-मंजूर झालेल्या ठरावांच्या आधी कोणीतरी कागदावर मांडायला हवं होतं. वाचवा म्हणणारे सौंदर्यावर बोलत राहिले, पाडा म्हणणारे बादल्यांवर.

नाईलाजास्तव

+१. पुढच्या वेळी अशी मोहीम निघाली तर निवेदनाखाली पहिली सही वॉटरप्रूफिंगवाल्याची घ्यावी.

हडसनकाठ

एवढं वाचून माझं मत जरा हललंय, पण रेवाच्या बाजूला. काकांचं ‘दोन भाग तरी वाचले’ हे मला जमिनीवरून पटत नाही, कारण तिथे उभं राहिल्यावर नजर आधी नव्या ठोकळ्यावर जाते आणि जुना भाग त्याची अडगळ वाटायला लागतो. सगळी पाडली असती तर लोकांनी निदान हळहळ केली असती. आता ‘ठेवली आहे की’ असं म्हणून विषय संपतो.

मंदाकिनीताई, तुमच्या आजींना नवा भाग आवडला का?

मंदाकिनी_मिडलटाउन

विचारलं होतं. म्हणाल्या, हाही कोणी मला विचारून बांधला नाही.

आजोळ

मूळ इमारत अख्खी कशी होती ते बघायचं तर आता कुठे? फोटोंत अंगण नीट कळत नाही.

रेवा

रुडॉल्फ १९९७ मध्ये गेला. त्याची रेखाटनं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्याची सेक्शन काढायची पद्धत जगप्रसिद्ध आहे. इमारत उभी चिरून आतली खोली न् खोली, जिने, सावल्या, सगळं बारीक रेघांनी भरलेलं. त्याच्या कुठल्याही इमारतीचं असं एक चित्र पाहिलं तरी छपरं वर-खाली का, ते दोन मिनिटांत समजतं. बरीचशी चित्रं संगणकावरही पाहता येतात.

बंडोपंत

मे महिन्यात मुलाकडे मेरीलँडला जातोय, वॉशिंग्टन जवळच. सेंटरिंग काका, चित्रात गळती दिसते का हो?

सेंटरिंग

कडा मोजा. दिसेल.